सीतामाई विरुद्ध महाराज

सुरतेच्या रिंग रोडवरची कापड मार्केटे मागे टाकून कडोदऱ्याच्या रस्त्याला लागले की पर्वत पाटिया येते. साड्यांच्या गाठी लादलेले टेम्पो, मारवाडी व्यापाऱ्यांच्या सोसायट्या, रात्री त्यांच्या फाटकांवर बसणारे नेपाळी चौकीदार, आणि पलीकडे लिंबायतच्या गल्ल्यांत जळगाव-धुळे-नंदुरबारकडून आलेली खानदेशी कुटुंबे. त्या गल्ल्यांत अहिराणी गुजरातीइतक्याच सहजपणे कानावर पडते. सिनेमातली नायिका राजकारणात गेली की काय होते, हा प्रश्न या वस्तीतल्या नेपाळी आणि खानदेशी अशा दोन्ही स्थलांतरितांच्या ओळखीचा आहे.

नेपाळात त्याची उत्तरे ताजी आहेत. करिश्मा मानन्धर 2016 मध्ये बाबुराम भट्टराई यांच्या नया शक्ती पक्षात गेल्या. रेखा थापा यांचा प्रवास त्याहून गमतीचा. ही लोकप्रिय नायिका आणि निर्माती आधी माओवाद्यांच्या व्यासपीठावर दिसली आणि पुढे थेट राजेशाही व हिंदुराष्ट्र मागणाऱ्या राष्ट्रीय प्रजातंत्र पक्षात दाखल झाली. नेपाळच्या प्रतिनिधिसभेतल्या 275 जागांपैकी 110 प्रमाणशीर पद्धतीने, पक्षांच्या यादीतून भरल्या जातात. त्यामुळे तिथे प्रसिद्ध चेहऱ्याला मतदारसंघात घाम न गाळताही संसदेत पोचता येते. आपल्याकडे लोकसभेला ती सोय नाही. इथे समोरच्याला पाडावेच लागते.

आणि गुजरातेत एका नायिकेने ज्याला पाडले, तो साक्षात मराठा महाराज होता.

दीपिका चिखलिया यांचा जन्म 1965 चा, मुंबईतला. 1983 मध्ये ‘सुन मेरी लैला’ या चित्रपटात राज किरणबरोबर त्या नायिका म्हणून आल्या. चित्रपट काही फार गाजला नाही. नंतर दक्षिणेतल्या भाषांत आणि बंगालीत कामे मिळत गेली, पण हिंदीत पहिल्या रांगेत जागा मिळाली नाही. रामानंद सागर यांच्या ‘विक्रम और बेताल’ मालिकेत त्या राजकन्या व्हायच्या. तिथूनच ‘रामायण’ची सीता त्यांच्याकडे आली. मोठ्या पडद्याने जे दिले नाही, ते छोट्या पडद्याने रविवारच्या सकाळी घराघरांत पोचवले.

ही मालिका उभी राहिली मुंबई-सुरत रेल्वेमार्गावर, महाराष्ट्राच्या वेशीला टेकलेल्या उंबरगावात. तिथल्या वृंदावन स्टुडिओत अयोध्या, पंचवटी आणि लंका एकाच आवारात बांधल्या होत्या. 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988 या काळात 78 भाग दाखवले गेले. त्या तासाला रस्ते ओस पडत, टीव्हीला हार घातला जाई, एकाच्या घरी अख्खी चाळ जमे. मालिका संपते आहे म्हटल्यावर पंजाबात वाल्मीकी समाजातल्या सफाई कामगारांनी संप केला. उत्तरकांडही दाखवा, अशी त्यांची मागणी होती आणि ती पुरी झाली.

एवढ्या भक्तीवर राजकारण्यांची नजर पडणारच. पहिला प्रयोग काँग्रेसने केला आणि तो फसला. 1988 च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत खुद्द रामाला, म्हणजे अरुण गोविल यांना, काँग्रेसने प्रचारात उतरवले. समोर विश्वनाथ प्रताप सिंह होते. लोकांनी रामाचे दर्शन घेतले आणि मते सिंहांना दिली. पडद्यावरचा देव दुसऱ्यासाठी मते मागू लागला की त्याचे देवपण पातळ होते, असा त्याचा अर्थ लावता येतो. पण बोफोर्सच्या गदारोळात सिंहांसमोर तेव्हा कोणी टिकले असते का, हाही प्रश्न आहेच.

आता बडोदे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकरी मुलगा 1875 मध्ये दत्तक जाऊन जिथे सयाजीराव झाला, ते संस्थान. विलीनीकरणानंतर राजवाड्याने मतपेटीशी जुळवून घेतले. फत्तेसिंहराव गायकवाड 1957 पासून लोकसभेवर निवडून येऊ लागले. 1980 पासून त्यांचे बंधू रणजितसिंह आले. 1957 ते 1989 या काळात 1967 ची निवडणूक सोडली तर बडोद्याची जागा गायकवाडांच्या घरातच राहिली. रणजितसिंह स्वतः चित्रकार. 1988 मध्ये फत्तेसिंहराव गेल्यावर ते महाराज झाले आणि वर्षभरातच, 1989 मध्ये, ती जागा जनता दलाच्या प्रकाश ब्रह्मभट्ट यांच्याकडे गेली.

म्हणून ‘सीतेने राजाला हरवले’ ही गोष्ट रंगतदार असली तरी अर्धीच खरी. राजाची जादू तिच्याआधीच ओसरली होती.

उरलेले अर्धे राजकारणाने भरले. सप्टेंबर 1990 मध्ये लालकृष्ण अडवाणींची रथयात्रा गुजरातेतल्याच सोमनाथहून निघाली. 1989 मध्ये गुजरातेत जनता दल आणि भाजप समझोता करून लढले होते. वर्षभरात तो मोडला. 1991 च्या लोकसभेला भाजप एकट्याच्या बळावर उतरणार होता आणि बडोद्यात काँग्रेसकडे महाराज होते. महाराजांपुढे उभा करायला तोलामोलाचे नाव हवे होते. अयोध्येच्या नावाने मते मागणाऱ्या पक्षाला सीतेहून अधिक साजेसा उमेदवार तरी कोणता मिळणार?

त्या प्रचारकाळातले एक छायाचित्र दीपिका यांनी 2020 मध्ये समाजमाध्यमांवर टाकले. त्यात पंचविशीतल्या दीपिका आहेत, अडवाणी आहेत, निवडणुकीची सूत्रे सांभाळणारे बडोद्याचे नलिन भट्ट आहेत आणि उजव्या टोकाला तरुण नरेंद्र मोदी. आज पाहणाऱ्याची नजर आधी त्या टोकाकडेच जाते. 1991 मध्ये मात्र गर्दी मधल्या मुलीला पाहायला येत होती.

दीपिका 34 हजारांहून अधिक मतांनी जिंकल्या. बडोद्यातल्या मराठी घरांनी कोणाला कौल दिला हे मतमोजणीतून कळत नाही. एका बाजूला राजनिष्ठा आणि दुसऱ्या बाजूला देव्हारा, अशी ओढाताण त्यांना तरी चुकली नसणार. साबरकांठातून रावण, अर्थात गुजराती रंगभूमी-सिनेमातले दिग्गज अरविंद त्रिवेदी, हेही भाजपतर्फे निवडून आले. मात्र गुजरातेतल्या 26 पैकी 20 जागा त्या वर्षी भाजपने घेतल्या. सीता आणि रावण वगळले तरी 18 उरतात, आणि तिथे कोणी टीव्हीवरची पुण्याई घेऊन उभे नव्हते. लाट पक्षाची होती, सीतेमुळे ती बडोद्यात जास्त देखणी दिसली इतकेच.

पुढची गोष्ट लवकर संपते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे लग्न झाले, मग मुली झाल्या. मुंबईतला संसार, बडोद्याचा मतदारसंघ आणि दिल्लीचे अधिवेशन ही तीन टोके जुळेनात, असे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले. 1996 ला त्या उभ्या राहिल्या नाहीत. सासरच्या, ‘शिंगार’ टिकल्या बनवणाऱ्या कंपनीच्या कामात त्यांनी लक्ष घातले. त्या टिकल्यांचे पाकीट मराठी बायकांच्या पर्समध्येही असायचे. त्यामागे सीतामाई आहे हे किती जणींना ठाऊक होते कोण जाणे. बडोद्यात 1996 ला काँग्रेसने पुन्हा गायकवाड घराण्यातलाच उमेदवार दिला. सत्यजितसिंह गायकवाड जिंकले, अवघ्या 17 मतांनी.

एकदा निवडून येणे आणि मग विरणे, हा क्रम नंतरही दिसत राहिला. ‘महाभारत’चे कृष्ण, मराठी अभिनेते नितीश भारद्वाज 1996 मध्ये जमशेदपूरहून लोकसभेत गेले, 1999 मध्ये मध्य प्रदेशातल्या राजगढला हरले. उत्तर मुंबईत गोविंदाने 2004 मध्ये राम नाईकांसारखा मुरलेला नेता पाडला, पण 2009 ला तो रिंगणात नव्हता. त्याच मतदारसंघात 2019 मध्ये ऊर्मिला मातोंडकर यांनी चांगला अभ्यास करून, भाषणे गाजवून लढत दिली आणि साडेचार लाखांहून अधिक मतांनी हार पत्करली. पक्षाची यंत्रणा क्षीण असेल तर चेहरा कितीही ओळखीचा असो, बूथवर बसायला माणसे लागतात. तेलुगू सिनेमाचे नायक एन. टी. रामाराव यांनी हे ओळखले होते. त्यांनी 1982 मध्ये पक्षच काढला आणि 1983 च्या जानेवारीत आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. अरुण गोविल अखेर 2024 मध्ये मेरठहून खासदार झाले. रामाचा विजय साडेदहा हजार मतांचा होता, सीतेच्या निम्म्याहूनही कमी.

पर्वत पाटियाच्या शेजारच्या लिंबायतने तिसराच रस्ता दाखवला आहे. तिथून भाजपच्या संगीता पाटील 2012, 2017 आणि 2022 अशा सलग तीनदा विधानसभेवर निवडून आल्या. लिंबायत ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात मोडते, तिथे मूळ जळगाव जिल्ह्यातले सी. आर. पाटील 2009 पासून निवडून येत आहेत. 2024 मधली त्यांची आघाडी 7 लाख 73 हजारांची होती. यांच्यामागे ना राजवाडा, ना पडदा. कापडाच्या धंद्यामागोमाग आलेली खानदेशी वस्ती, तिचे पाण्या-गटाराचे प्रश्न आणि पक्षाचे गल्लीगणिक कार्यकर्ते, एवढे भांडवल. गुजरातेतल्या मराठी राजकारणाचे केंद्र बडोद्याच्या राजवाड्यातून सुरतेच्या गल्लीत सरकले, ते असे.

1991 चा तो प्रचार ज्यांनी पाहिला ते बडोदेकर आता साठी-सत्तरीत आहेत. कोणाच्या कपाटात तेव्हाची पत्रके, सभेचे फोटो, गुजराती-मराठी वर्तमानपत्रांची कात्रणे असतील तर ती रद्दीत घालू नयेत. गावातल्या ग्रंथालयाकडे द्यावीत, नाहीतर निदान मागे तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावे.