बेलीझला जाताय? गळ सोबत घ्या!

कॅरिबियन समुद्रात बेलीझचं अँबरग्रीस की नावाचं बेट आहे. सॅन पेड्रो हे तिथलं मुख्य गाव. बाहेर प्रवाळाची भिंत असल्याने आतलं पाणी शांत आणि उथळ राहतं, त्यामुळे काठावरून गळ टाकायला एकदम झकास!

🎣 बोनफिश: गुडघाभर पाण्यात कोळंबी आणि खेकडे शोधतो. डोकं वाळूत खुपसलं की चंदेरी शेपटीचं टोक पाण्याबाहेर हलताना दिसतं. आमिष त्याच्या तोंडावर आपटू नका, थोडं पुढे टाका. पाण्याची चकाकी कापणारा पोलराइज्ड गॉगल हवाच.

🎣 टार्पन: हवेचा घोट घ्यायला पृष्ठभागावर येतो. गळाला लागला की थेट उडीच मारतो!

🎣 बाराकुडा: दात असे की नायलॉनची दोरी सहज कापतो. गळाजवळ तारेचा तुकडा लावा. मोठा बाराकुडा खाणं मात्र टाळा. त्यात सिग्वाटेरा विष असू शकतं आणि ते शिजवूनही जात नाही.

⚠️ बोनफिश, टार्पन आणि पर्मिट हे तिन्ही मासे बेलीझमध्ये 2009 पासून कायद्याने संरक्षित आहेत. पकडा, पण सोडून द्या. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवा आणि मासा ओल्या हातांनीच धरा. कोरड्या हाताने त्याचा बुळबुळीत थर निघतो.

पाण्यात चालताना पाय उचलू नका, घासत चला. वाळूत दडलेला पाकट आपसूक बाजूला होतो.