भाजी धुवाल, पण कोणत्या पाण्याने?

श्रावण-भाद्रपदात मालवणच्या बाजारात घाटावरची आणि गावठी भाजी शेजारीशेजारी मांडलेली असते. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो कोल्हापूर-बेळगावकडून येतात. तवसं, दोडकी, लाल माठ जवळच्या वाडीतल्या परड्यातून. घाटावरच्या भाजीवर ‘औषध मारलेलं’ असतं म्हणून ती मिठाच्या पाण्यात भिजवली जाते. गावठी भाजी मात्र विहिरीच्या पाण्यात बुचकळून थेट विळीवर जाते. घोटाळा इथेच होतो. फवारणीचा अंश हा एक धोका, जंतू हा दुसरा. आणि जंतू गावठी-घाटी असा भेद करत नाहीत.

आधी फवारणीचे पाहू. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर प्रयोग झाला. खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर सालीवरची दोन कीडनाशके निघून गेली. पण त्यांतल्या एकाचा सुमारे २० टक्के भाग सालीच्या आत मुरला होता. तो धुऊन निघाला नाही. म्हणजे धुण्याने वरचे जाते, आतले राहते.

घरी एक लिटर पाण्यात दोन छोटे चमचे खाण्याचा सोडा किंवा चार छोटे चमचे मीठ पुरते. दहा-पंधरा मिनिटे भिजवून, हाताने चोळून, वाहत्या पाण्याखाली धुवावे. कोबीची वरची पाने काढून टाकावीत. पालेभाजी भिजवल्यावर पाणी ओतू नये, भाजी उचलून घ्यावी. नाहीतर तळाशी बसलेली माती आणि जंतांची अंडी पुन्हा पानांवर येतात. धुणे कापण्याआधीच करावे. साबण किंवा भांड्यांची पावडर वापरू नये. तिचा अंश भाजीत राहतो.

आता जंतूंचे. मीठ किंवा सोडा त्यांना खात्रीने मारत नाही. पावसात विहिरी काठोकाठ भरतात. जांभा दगड सच्छिद्र असल्याने शौचखड्ड्यातले पाणी झिरपत विहिरीपर्यंत पोहोचू शकते. अशा पाण्याने शेवटचा हात फिरवला, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. जुलाब, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू शिजवल्यावर मरतात. पण तवशाची कोशिंबीर, कोथिंबीर आणि फळे कच्चीच खाल्ली जातात. चतुर्थीला चाकरमानी येऊन घर भरलेले असते, तेव्हा एका पातेल्यातली कोशिंबीर पंधरा-वीस जणांना वाढली जाते.

म्हणून विहिरीत ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर वेळेवर पडते की नाही, याकडे वाडीने लक्ष ठेवावे. कच्चे खायचे असेल ते शेवटी उकळून गार केलेल्या किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास ठेवलेल्या पाण्याने धुवावे. विळी, पाट आणि हातही तितकेच स्वच्छ हवेत.