गवळीदेव ते कर्नाळा : एका डोंगरवाटेची मागणी

कोपरखैरण्यातल्या कुठल्याही उंच इमारतीच्या गच्चीवर गेले की पश्चिमेला ठाण्याची खाडी दिसते आणि पूर्वेला पारसिकचा डोंगर. खाडीकडे आता जगाचे लक्ष गेले आहे. २०१५ साली ती फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, ऐरोलीला निसर्ग केंद्र उभे राहिले. डोंगर मात्र आहे तिथेच आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याने रोज लाखो माणसे त्याच्या पायथ्याने जातात, पण त्यावर चढायची वाट कुठून सुटते, हे विचारले तर सांगणारा सापडत नाही. सापडलाच तर तो घणसोली, महापे किंवा अडवली-भुतावलीचा गावकरी असतो.

मुंब्र्यापासून बेलापूर-खारघरपर्यंत गेलेली ही रांग सह्याद्रीसारखीच काळ्या बेसॉल्टची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसून ती घडली. उंचीने लहान, पण आडवी अशी पसरलेली, की आगगाडीला तिला वळसा घालावा लागला. १८५४ साली ठाण्याहून कल्याणला रेल्वे गेली ती मुंब्र्याच्या बाजूने, खाडीच्या कडेकडेने. पुढे जीआयपी रेल्वेने डोंगर पोखरून सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा काढला, तो १९१६ साली सुरू झाला आणि २०२२ पर्यंत त्यातून जलद लोकल धावत. डोंगराला भोके पाडण्याचे काम तिथे थांबले नाही. ऐरोली-काटई मार्गाचा दुहेरी बोगदा याच रांगेतून काढला आहे आणि बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघून, खाडीखालून येऊन, घणसोलीवरून शिळफाट्याला याच डोंगराखालून बाहेर पडतो.

तुर्भे-पावण्याच्या बाजूच्या दगडखाणी तर सर्वांना रस्त्यावरूनच दिसतात. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या मिठागरांवर, भातखाचरांवर शहर बसू लागले, तेव्हा खडी लागणार होती. ती इथूनच आली. आपल्या इमारतींच्या पायात आणि रस्त्यांच्या पोटात पारसिकचाच दगड आहे. या शहराने डोंगराकडून एवढे घेतले आहे, तर त्यावरून नीट चालायची एक वाट तरी त्याने राखावी, एवढेच मला म्हणायचे आहे.

वाटा नाहीत असे नाही. गवळीदेव या डोंगरातल्या देवस्थानाला जाणारी वाट शहर बसण्याच्या कितीतरी आधीची. आगरी-कोळी गावांतली माणसे देवाला, आदिवासी पाड्यांतल्या बाया सरपणाला, गुराखी चाऱ्याला डोंगरात जात आणि त्यांच्या पायांनी वाट पडे. अशी वाट चढ सरळ अंगावर घेत नाही. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईला जेवढा चढ झेपेल तेवढाच ती घेते आणि मग आडवी होते. ओढा ओलांडते तो पाणी पसरट होते तिथे, घसरणीच्या तोंडावर कधीच नाही. पावलापुरती रुंद, मधोमध माती दडपून घट्ट झालेली, कातळावर आली की दगडाचा रंग पुसट होऊन गुळगुळीत झालेला. या खुणा दिसल्या की खुशाल पुढे जावे. ढोरवाट याच्या उलट. ती रुंद असते, माती खुरांनी फुटलेली असते आणि पन्नास पावलांवर तिला तीन फाटे फुटतात. जनावर चरत चरत जाते, त्याला कुठे पोचायचे नसते. नवखा माणूस रुंद वाट म्हणून तिच्यामागे जातो आणि कारवीत किंवा काटेरी झुडपांत अडकतो. सह्याद्रीत चुकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण ढोरवाटेनेच चुकतात.

आता गॅस आला, गुरे कमी झाली, गावांतली तरुण पोरे एमआयडीसीत आणि आयटी कंपन्यांत लागली. पाय पडेनासे झाले की वाट दोन पावसाळ्यांत गवताखाली जाते. राहतात त्या मौजेसाठी येणाऱ्यांनी पाडलेल्या वाटा, सरळ उभ्या, धबधब्याच्या तोंडाशी नेणाऱ्या. पाऊस पडला की याच वाटांचे ओहोळ होतात आणि माती वाहून जाते.

इथे मला आयर्लंडची गोष्ट सांगावीशी वाटते. डब्लिन शहराच्या दक्षिणेला विक्लोचे डोंगर आहेत, तेही राजधानीच्या अगदी उशाशी. जे. बी. मलोन नावाचा माणूस वर्तमानपत्रांतून या डोंगरांतल्या भटकंतीवर लिहीत असे. १९६६ साली त्याने या डोंगरांतून एक लांब पायवाट असावी अशी कल्पना मांडली. १९८० साली तिचा पहिला टप्पा खुला झाला. ‘विक्लो वे’ ही आयर्लंडमधली खुणा केलेली पहिली दीर्घ पायवाट, सुमारे १३० किलोमीटरची. ती सुरू होते डब्लिनच्या उपनगरातल्या मार्ले पार्क या सार्वजनिक बागेतून. बसने उतरायचे, बागेतून चालू लागायचे आणि वनखात्याच्या झाडीतून, दलदलीच्या माळांवरून, सहाव्या शतकात सेंट केविनने वसवलेल्या ग्लेनडालॉखच्या मठापर्यंत जायचे. जिथे पायाखालची जमीन भुसभुशीत आहे तिथे रेल्वेचे जुने स्लीपर टाकून त्यावर जाळी ठोकली आहे, म्हणजे पाय घसरत नाही आणि माळही तुडवला जात नाही. फाट्याफाट्यावर चालत्या माणसाचे पिवळे चित्र आणि बाण असलेला खांब. तिथे कुणाच्याही जमिनीतून जाण्याचा सरसकट हक्क लोकांना नाही. मालकांशी आणि वनसंस्थेशी बोलून, परवानग्या घेऊन वाट जोडत न्यावी लागली. म्हणूनच आपल्याला ती शिकण्यासारखी आहे, कारण आपल्याकडेही वनखाते, सिडको, एमआयडीसी, महापालिका आणि गावे यांच्या हद्दी एकमेकींत गुंतल्या आहेत.

विक्लोचा इतिहासही आपल्याला ओळखीचा वाटावा असा. १७९८ च्या उठावानंतर मायकेल ड्वायर हा बंडखोर पाच वर्षे या डोंगरांत इंग्रजांना झुलवत राहिला. त्याला आणि त्याच्या साथीदारांना हुडकण्यासाठी सरकारने डोंगरातून लष्करी रस्ता बांधायला घेतला. शेवटी तो शरण आला आणि त्याची रवानगी ऑस्ट्रेलियात झाली. तो जिथून इंग्रजांच्या वेढ्यातून निसटला ते घर स्मारक म्हणून जपले आहे.

आपल्याकडे कर्नाळा किल्ल्याच्या जवळच शिरढोण आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी तिथे वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८७९ साली वासुदेव बळवंतांनी रामोशी, कोळी अशा डोंगरातल्याच माणसांना हाताशी धरून इंग्रजांविरुद्ध बंड पुकारले, पकडले गेले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारले. कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका मुंबई-गोवा महामार्गावरून कुणालाही दिसतो. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये घेतलेला, पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागलेला आणि १६७० मध्ये परत आणलेला हा किल्ला. त्याच्या पायथ्याचे रान १९६८ साली पक्षी अभयारण्य झाले. तिथे वनखात्याने हरियल आणि मोरटाका अशा दोन निसर्गवाटा आखल्या आहेत. म्हणजे हे काम आपल्या वनखात्याला करता येते. आणि लोकही त्या वाटांनी शिस्तीने चालतात, पहाटे शीळकस्तुराची शीळ ऐकायला येतात.

मग पारसिकला का नाही? उत्तर ठरलेले असते : अपघात होतात. ते खोटे नाही. खारघरच्या पांडवकड्यावर १०७ मीटरवरून पाणी कोसळते, तिथे आणि आसपासच्या ओढ्यांत अनेक तरुण जीव गेले आहेत. पावसाळ्यात तिथे बंदी असते आणि ती असायलाच हवी. वरच्या पठारावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढ्याला लोंढा येतो, हे शहरातल्या पोराला कुणी सांगितलेले नसते. पण बंदीचा फलक लावला म्हणजे माणसे जायची थांबत नाहीत, ती आडवाटेने जातात. आखलेली वाट, कुठे थांबावे हे सांगणारा खांब, ओढ्यापासून दूर ठेवलेला मार्ग आणि वाटाड्या म्हणून पगारावर घेतलेला गावचा मुलगा, यांनी जेवढे जीव वाचतील तेवढे नुसत्या बंदीने वाचणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाट कशी असावी? कोपरखैरण्यात बंद केलेल्या कचराभूमीवर महापालिकेने निसर्ग उद्यान फुलवले आहे. आपले मार्ले पार्क तेच. तिथून निघून, स्टेशन आणि ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून, एमआयडीसीतून गवळीदेव आणि सुलाईदेवीकडे चढायचे. तिथून धारेने दक्षिणेला, महापे-शिळफाटा रस्ता ओलांडून, खाणींच्या वरच्या अंगाने बेलापूरकडे. खाणींचे उघडे कडे लपवू नयेत, त्यांच्यावर माहितीफलक लावावा. बेलापूरला उतरले की खाडीच्या तोंडावर सिद्दी, पोर्तुगीज आणि १७३३ पासून मराठे यांच्या ताब्यात राहिलेल्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि डोंगराच्या कुशीत चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात उभारलेली आर्टिस्ट व्हिलेजची वसाहत, जी जगभरचे वास्तुविद्यार्थी पाहायला येतात. पुढे खारघरचे पठार, फणसवाडी आणि चाफेवाडीचे पाडे. खारघर ते कर्नाळा सलग डोंगर नाही, मध्ये पनवेल आणि महामार्ग आहेत. तो टप्पा बसने करावा लागेल. त्याने काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र आधी ठरली पाहिजे. डोंगरात जाण्याचा पहिला मान गावकऱ्यांचा. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला, अक्कादेवीच्या माळावर, आगरी, कराडी, कातकरी शेतकऱ्यांनी जंगल सत्याग्रह केला तो आपल्याच रानातले लाकूड तोडायला मज्जाव झाला म्हणून. गोळीबारात आठ जण हुतात्मा झाले. त्यांच्या वारसांना तिकीट काढून गवळीदेवाला जावे लागेल अशी वाट होणार असेल तर ती न झालेली बरी. प्रवेशशुल्क घ्यायचे तर बाहेरच्यांकडून घ्यावे आणि ते पाड्यांना मिळावे.

दिवाळीनंतरचे तीन महिने हा या डोंगरात चालायचा काळ. गवत पिवळे पडते, वाटा उघड्या होतात, कातळ कोरडा असतो. या वर्षी जा, पण एकटे नको, आणि गावातल्या कुणाला तरी सोबत घेऊन, त्याच्या वेळेचे पैसे देऊन जा. तो कुठून नेतो ते मोबाइलच्या नकाशावर नोंदवून ठेवा, वाटेतल्या देवांची, ओढ्यांची, खिंडींची नावे त्याच्या तोंडून लिहून घ्या. आणि त्या नोंदींसह एक अर्ज महापालिकेला आणि वनखात्याला पाठवा : या वाटेवर खुणा करा.