हात बसतो कसा?

टेनिसमध्ये चेंडूचा एक टप्पा पडल्यानंतर तो फोरहँडने किंवा बॅकहँडने परतवला जातो, त्या फटक्याला ‘ग्राउंडस्ट्रोक’ म्हणतात. या फटक्यात चेंडू रॅकेटच्या तारांवर जेमतेम ४ ते ५ मिलिसेकंद टेकतो, तर डोळ्यांनी टिपलेल्या बदलाला हाताने प्रतिसाद देण्यास साधारण २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजेच चेंडू तारांना लागल्यानंतर फटका सुधारण्याची सोय शरीराला नसते. जे काही व्हायचे ते त्याआधी आणि विचार न करता व्हावे लागते, म्हणून या खेळात सवयीला एवढे महत्त्व आहे.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कौशल्य आत्मसात होण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या : प्रथम प्रत्येक हालचाल समजून-उमजून केली जाते, मग चुका कमी होत जातात आणि अखेरीस हालचाल अंगवळणी पडते. या प्रवासात तोल व वेळ साधणारा लहान मेंदू आणि सवयी घट्ट करणारी, मेंदूच्या खोल भागातील ‘बेसल गँग्लिया’ ही केंद्रे मोलाची कामगिरी बजावतात. मात्र चुकीच्या हालचालीचा सराव केला, तर तीही तितकीच घट्ट बसते.

तरीही सवय म्हणजे एकाच हालचालीची हुबेहूब नक्कल नव्हे. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२०च्या दशकात मॉस्कोमध्ये छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचालींचे छायाचित्रण केले, तेव्हा हातोडा नेमक्या जागी पडत असला, तरी खांदा, कोपर आणि मनगट यांची हालचाल दर घावाला थोडी बदलते, असे त्यांना आढळले. तोच प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने सोडवणे, हाच त्यांच्या मते सरावाचा गाभा होता.

जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांचा १९७९ चा प्रयोगही याला पूरक ठरतो. हातात टेनिसचा चेंडू घेऊन लाकडी अडथळे ठराविक क्रमाने पाडण्याचे तीन प्रकार शिकताना, एकेक प्रकार सलग घोटणारे सरावाच्या वेळी सरस ठरले. पण १० दिवसांनी घेतलेल्या चाचणीत, तिन्ही प्रकार आलटूनपालटून करणाऱ्यांच्या अंगी ते कौशल्य अधिक टिकून असल्याचे दिसले.

यावरून सरावाची दिशा स्पष्ट होते. नवशिक्याने आरंभी सोपे चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या फटक्याच्या क्षणी छोटी उडी घेऊन पाय सज्ज ठेवणे, खांदे लवकर वळवणे आणि चेंडू शरीरापुढे गाठणे यांची घडी बसवावी. ती बसू लागली, की फोरहँड व बॅकहँड, आखूड व खोल चेंडू, तिरपा व सरळ फटका यांची सरमिसळ करावी. अशा सरावात चुका वाढलेल्या दिसतात, तेव्हा पालकांनी व प्रशिक्षकांनी धीर सोडू नये, कारण त्या दिवशी किती चेंडू रेषेच्या आत पडले यापेक्षा पुढच्या आठवड्यात किती पडतात, हीच शिकण्याची खरी कसोटी आहे.