पालथा हात

राखेतली धग बघायची तर हातमोजा काढून पालथा हात जमिनीजवळ न्यायचा. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या एका वणवा-प्रशिक्षणात मी सवयीने तळवाच पुढे केला. "तळवा पोळला तर उद्या कुदळ कशाने धरणार?" शिकवणारा म्हणाला.

कॅनडाच्या उत्तरेकडे वणव्याचं चिवट काम ज्वाळा बसल्यावर सुरू होतं. अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे जाड थर जमिनीत असतात. आग त्यांत शिरते आणि आठवडेच्या आठवडे धुमसते. वरून कळतही नाही. मग ओळीने गुडघे टेकून चाचपत जायचं. धग लागली की पुलास्कीने (एकीकडे कुऱ्हाड, दुसरीकडे कुदळ) उकरायचं, पाणी घालून चिखल कालवायचा, पुन्हा हात लावायचा. विमान इथे कामाचं नाही. माणसंच लागतात, आणि तीच कमी पडतात.

मे 2016 मध्ये अल्बर्टातलं फोर्ट मॅकमरी पेटलं. सुमारे 88 हजार लोकांना शहर सोडावं लागलं. महिनाअखेरीस दक्षिण आफ्रिकेच्या 'वर्किंग ऑन फायर'चे सुमारे 300 जण मदतीला अल्बर्टातल्याच एडमंटनला उतरले. बेरोजगार तरुणांना काम मिळावं म्हणून 2003 मध्ये सुरू झालेली ही वणवे विझवण्याची योजना. विमानतळावर ते गात नाचले, त्याची चित्रफीत जगभर फिरली. लोकांना मौज वाटली. जात्यावर, मोटेवर गाणाऱ्यांच्या मुलखातल्या माणसाला मात्र ते वेगळं सांगावं लागत नाही: गाणं हेही अवजारच.

बाकी अवजारांत फरक होता. गवताची आग ते रबरी झोडप्याने मारतात, आपले वनमजूर हिरव्या फांद्यांनी मारतात तशी. शेवाळाच्या थरापुढे झोडपा काय करणार?

पण बिनसलं ते पैशांवरून. नेहमीच्या पगाराखेरीज दिवसाला 50 डॉलर भत्ता. त्यातले 15 कॅनडात, उरलेले घरी परतल्यावर. अल्बर्टात तेव्हा किमान वेतनच ताशी 11.20 डॉलर होतं. हा हिशेब करायला त्या पोरांना दोन आठवडेही लागले नाहीत. त्यांनी काम थांबवलं. अल्बर्टाच्या कायद्याप्रमाणे मोबदला मिळेल, असं प्रांताच्या प्रमुख रेचल नॉटली यांनी सांगितलं, तरी तुकडी मुदतीआधीच परत गेली. माझ्या मते चूक पोरांची नव्हती. मजुरीची बोलणी विमान सुटण्याआधी उरकायची असतात, हे आपल्याकडचा ऊसतोडीचा मुकादमही जाणतो.

फोर्ट मॅकमरीची ती आग पूर्ण विझल्याचं जाहीर झालं ऑगस्ट 2017 मध्ये. मधला अख्खा हिवाळा ती जमिनीत धुमसत होती.