हेक्साडेसिमल : ‘क’ची खोली कोणती?
आपल्या नेहमीच्या मोजणीत १० अंक, हेक्साडेसिमलमध्ये १६. ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ, म्हणजे १० ते १५. चार बिटांच्या जुळण्या नेमक्या १६ होतात, म्हणून एका हेक्स अंकात चार बिट बरोब्बर बसतात आणि दोन अंकांत एक बाइट. दशमानात हा मेळ बसत नाही.

आता एक खरं काम बघू. कर्नाटकात कन्नड लिपीत लिहिलेली कोकणी देवनागरीत आणायची आहे. युनिकोडमध्ये देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, कन्नड ‘क’चा ३२२१. काही दिसतंय का? मला तर नाही दिसत. तेच हेक्समध्ये लिहा: ०९१५ आणि ०सी९५. बंगाली ०९९५, गुजराती ०ए९५, तेलुगू ०सी१५. शेवट १५ नाहीतर ९५! कारण यातल्या प्रत्येक लिपीला १२८ जागांची एकेक चाळ दिली आहे आणि ‘क’ची खोली सगळीकडे तीच ठेवली आहे. १२८ म्हणजे हेक्समधले ८०; १५ मध्ये ८० मिळवले की ९५.

म्हणून कन्नड क्रमांकातून हेक्स ०३८० वजा केले की बहुतेक अक्षरं थेट देवनागरीत येतात. ह्रस्व ए-ओ तेवढे हाताने बघावे लागतात. कन्नड लिपीत त्यांना वेगळी अक्षरं आहेत, कोकणी देवनागरीत सहसा ती लिहीत नाहीत.