दुभाषी हवा, पण म्हणणे आपलेच

भामरागडच्या बाजारात मराठी, माडिया, तेलुगू अशा कितीतरी भाषा कानावर पडतात. माडिया बोलणारी आजी कचेरीत आली की तिला दुभाषी लागतो, हे सर्वांनाच पटते. मग ज्याला ऐकूच येत नाही त्या आपल्या कर्णबधिर बांधवाला दुभाषी का नको? त्याच्या वतीने बाप बोलतो, भाऊ बोलतो. बहिणीच्या वतीने दीर बोलतो. अंगठा तिचा उमटतो, म्हणणे दुसऱ्याचेच असते. जमिनीचा वाटा, लग्नाची संमती, पोलिसांतील जबाब, सारे असेच उरकले जाते. हा अन्याय घरातला असला तरी अन्यायच होय.

सांकेतिक भाषा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे. तिच्या संशोधनाचे व प्रशिक्षणाचे केंद्र 2015 साली नवी दिल्लीत स्थापन झाले. सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयापुढे दुभाष्याच्या मदतीने उभ्या राहिल्या. दुभाषी होता, पण बाजू त्यांनीच मांडली.

दुभाष्यासोबत काम करताना काही गोष्टी पाळाव्यात. कामाआधी भेटून विषय, माणसांची व गावांची नावे सांगावीत आणि त्यांच्या खुणा ठरवाव्यात. दुभाष्याला बोलणाऱ्याच्या शेजारी, तोंडावर उजेड येईल असे बसवावे. साहेबांनी "त्याला विचारा" असे न म्हणता थेट कर्णबधिर व्यक्तीकडे पाहून बोलावे. समजले नाही तर उगाच मान न डोलावता हात वर करून थांबवावे. काम लांबणार असेल तर दोन दुभाषी आलटून पालटून असावेत. दुभाष्याने पदरचे घालू नये, काही गाळू नये आणि ऐकलेले बाहेर सांगू नये. तथागतांची सम्यक वाचा ती हीच.

आपल्या जंगलभागात शाळा न पाहिलेल्या कर्णबधिराला फक्त घरच्या खुणा येतात. अशा वेळी प्रशिक्षित दुभाष्यासोबत त्या खुणा जाणणारा माणूसही घ्यावा. मात्र वादात ज्याचा स्वार्थ आहे असा माणूस कधीच घेऊ नये. मूल लहान असेल तर त्याला वेळीच कर्णबधिरांच्या शाळेत घाला. वरोऱ्याजवळ आनंदवनात अशी शाळा आहे.

कायदाही पाठीशी आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 125 नुसार बोलू न शकणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो. त्यासाठी न्यायालयाने दुभाष्याची वा विशेष शिक्षकाची मदत घ्यावयाची असते आणि जबाबाचे चित्रीकरणही करावयाचे असते. हे माहीत असले पाहिजे आणि मागितलेही पाहिजे.

ज्यांचे कोणी ऐकत नव्हते त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' सुरू केले. त्यांच्याच अनुयायांच्या घरात एखादी लेक गप्प बसविली जात असेल तर आपण कसले अनुयायी? विहारातील पुढच्या सभेला तिला पुढच्या रांगेत बसवा, तिच्या खुणा शिका आणि तिचे म्हणणे तिलाच मांडू द्या, एवढीच आमची विनंती. जय भीम!